परसबाग या शीर्षकाखाली

प्रश्नाचं उत्तर देताना मूल फळ्याकडे पाहत नाही. पुस्तकाकडेही पाहत नाही. ते बाईंच्या भुवयांकडे पाहतं. "सात" म्हणून थांबतं, भुवया वर गेल्या तर "आठ" म्हणतं, आणि भुवया जागेवर आल्या की तिथेच मुक्काम करतं. उत्तर बरोबर असतं. फक्त ते मुलाचं नसतं, भुवयांचं असतं. मी पदार्थविज्ञान शिकलेली आहे. उपकरणामुळेच मोजमाप बिघडत असेल तर आधी उपकरण बाजूला ठेवावं, एवढं मला कळतं. पण भुवया बाजूला कशा ठेवणार? एकदा मी फळ्याकडे तोंड करून प्रश्न विचारून पाहिले. वर्गात अशी शांतता पसरली की मी प्रयोग यशस्वी झाला असं समजून मागे वळले. निम्मा वर्ग खिडकीतून शेळी पाहत होता.

तेव्हा मला सुचलं की ज्यांची उत्तरं माझ्या भुवयांनाही ठाऊक नाहीत असेच प्रश्न विचारावेत. शनिवारी शेवटचा तास. मुलांनी गोल बसायचं, एकच प्रश्न घ्यायचा, मी उत्तर सांगायचं नाही, आणि तास संपला की प्रश्न तसाच सोडून घरी जायचं. माझा बेत एवढाच होता. त्यात वेलभाज्या, शेळ्या किंवा तालुकास्तरीय समिती यांतलं काहीही नव्हतं, हे मी आधीच नमूद करून ठेवते.

आमची शाळा जव्हारहून मोखाड्याकडे जाताना मुख्य रस्ता सोडून आत गेलं की एका पाड्यावर आहे. दोन खोल्या आणि दोन शिक्षक. मुख्याध्यापक उमेश सर पहिली-दुसरी सांभाळतात, मी तिसरी ते पाचवी. मी राहते जव्हारला. माझे यजमान हेमंत तिथल्या एका बँकेत आहेत. त्यांना मी बेत सांगितला तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, की उत्तरच नसेल तर दिवसअखेर जुळवायचं काय? शेजारच्या वर्षावहिनींनी दोन चहांमध्ये पसरलेला सल्ला दिला. त्या अंगणवाडीच्या पर्यवेक्षिका आहेत, आणि मुलांच्या बाबतीत त्यांना शंका अशी नसतेच. त्यांचं म्हणणं, मुलांना प्रश्न विचारायला शिकवू नये, कारण एकदा शिकली की ती शाळेपुरते विचारत नाहीत. त्यांच्या मुलाने परवाच विचारलं होतं, की मोठ्यांचं ऐकायचं हे पहिल्यांदा कोणी ठरवलं, मोठ्यांनीच ना? वहिनी तेव्हापासून दुखावलेल्या होत्या. मला मात्र तो प्रश्न फार आवडला. तसं मी बोलून दाखवलं, आणि पुढचे काही दिवस आमच्याकडे कोथिंबीर आली नाही.

पहिल्याच शनिवारी मी एक चूक केली. सगळे एकदम बोलतील म्हणून मी नियम केला, की ज्याच्या हातात काठी असेल त्यानेच बोलायचं. शाळेत काठीचा अर्थ काय होतो, हे शाळेतच नोकरी करणाऱ्या बाईच्या लक्षात येऊ नये, याला शिक्षण म्हणतात. काठी ज्याच्याकडे गेली तो गप्प झाला. तिसरीतल्या एकाने तर ती घेतली, मान खाली घातली आणि सवयीने हात पुढे केला. बारक्या हा पाचवीतला, सगळ्यांत धीट. त्याने शेवटी काठी झुडपांत टाकली आणि सोमवारी घरून एक वाळका तुंबा आणला. पोकळ, हलका, आत बिया वाजणारा भोपळा. तो हातात घेतला की मुलं बोलू लागली. का, ते मला अजून कळलेलं नाही. बिया वाजतात म्हणून असेल.

शाळेमागे एक ओहोळ आहे. पावसाळ्यात त्याच्या आवाजाने पाढे ऐकू येत नाहीत, आणि होळीपर्यंत तिथे नुसते गोटे उरतात. मी विचारलं, आटलेली नदी पुढच्या पावसात परत येते, ती तीच का? सोम्या हा चौथीतला, शंकेखोर. त्याने दुसरीच म्हणून सांगितलं, कारण पाणी दुसरं. बारक्या म्हणाला, तीच. ती भट्टीवर गेलेली असते. त्याचा बाप दिवाळीनंतर वीटभट्टीवर भिवंडीकडे जातो आणि पावसाआधी येतो, तो तोच असतो. सोम्याने तुंबा मागून घेतला.

"तोच नसतो. बारीक होऊन येतो."

यावर कोणी हसलं नाही. मी माझा चेहरा कोरा ठेवण्याचा प्रयत्न करत होते. त्यासाठी मला शेळीकडे पाहावं लागलं.

पोशीकडे तुंबा आला की ती तो मांडीवर ठेवायची, थोडा वेळ बिया वाजवायची आणि पुढे द्यायची. ती चौथीत होती. शाळेतलं मराठी तिला समजायचं, पण बोलायचं झालं की ती घरातले आणि शाळेतले शब्द मनात निवडत बसायची, आणि तोवर दुसरं कोणी तरी उत्तर देऊन मोकळं व्हायचं. तिच्या प्रगतिपुस्तकात आधीच्या शिक्षकांनी 'मंद' असं लिहून ठेवलं होतं. या तासात घाई नव्हती. तरीही तिने श्रावण सरेपर्यंत तुंबा नुसताच पुढे दिला. मग एका शनिवारी, सगळे नदीचा प्रश्न विसरून भलतंच बोलत असताना, तिने तुंबा धरून ठेवला.

"नदी तीच असंल. पण ती नसताना इथं काय काय झालं, तां तिला म्हाईत नसतं."

मी पदव्युत्तर पदवीसाठी दोन वर्षं पातळ थरांच्या गुणधर्मांवर काम केलं. त्या काळात मला इतकं स्वच्छ वाक्य सुचलेलं नाही.

ते वाक्य तिला कुठून सुचलं, हे त्याच दुपारी कळलं. आमच्या शाळेत पोषण आहार शिजवतात त्या गौराबाई पोशीच्या आजी. त्यांनी भांडी घासता घासता सांगितलं, की दिवाळी झाली की पोशी आईबापाबरोबर भट्टीवर जाणार. आईच्या पदरी तान्हं पोर होतं. आई विटा थापणार, तर त्याला सांभाळायला कोणी तरी हवं. वर्गातली बाकीची मुलं आईजवळ किंवा आजी-आजोबांकडे राहणार होती. या वर्षी जाणारी ती एकटीच.

भट्टीवरून परत आलेली मुलं मी पाहिलेली आहेत. ती अक्षरं विसरत नाहीत, तेवढं बरं असतं. ती बोलायचं विसरतात. जिला एक वाक्य म्हणायला अख्खा पावसाळा लागला, तिचं ते पहिलंच वाक्य शेवटचं ठरणार होतं. पोशीचा बाप म्हणजे गौराबाईंचा मुलगा, आणि तो त्यांच्या शब्दाबाहेर नव्हता. त्यांनी पोशीला ठेवून घ्यायचं म्हटलं असतं तर ती राहिली असती. मी तसं त्यांना सुचवलं. त्या म्हणाल्या, "पाहू." आठवड्याने पुन्हा विचारलं, "पाहू." उमेश सरांनी शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय काढला. पुन्हा "पाहू." विज्ञानात काळ मोजायला सेकंद आहे. त्याचा 'पाहू'शी काही संबंध लावता येत नाही.

याच सुमारास उमेश सरांनी आमच्या तासाची नोंदणी केली. शाळेत काही नवं केलं की ते पोर्टलवर चढवावं लागतं. न चढवलेली गोष्ट घडलेली नसते. (हाही शनिवारच्या तासाला चांगला प्रश्न झाला असता.) पोर्टलवर उपक्रमाचा प्रकार निवडायचा होता: योग, वाचन, स्वच्छता, वृक्षारोपण, परसबाग, इतर. सरांनी प्रामाणिकपणे 'इतर' निवडलं. लगेच 'फलनिष्पत्ती संख्येत भरा' असं आलं. सरांनी मला विचारलं, आतापर्यंत किती प्रश्न सुटले? मी म्हटलं, एकही नाही, आणि तेच अपेक्षित आहे. त्यांनी शून्य भरलं. पडदा लाल झाला आणि शाळेच्या नावापुढे 'सुधारणा आवश्यक' असं उमटलं.

उमेश सर सज्जन आहेत. लाल रंग त्यांना सहन होत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला न विचारता 'परसबाग' निवडलं. मी जाब विचारला तेव्हा त्यांनी माझ्यासारख्याच शास्त्रीय पद्धतीने उत्तर दिलं. मुलं बसतात ते शाळेच्या परसात. तिथे काकडीचा एक वेल आहे, मुलांनी थुंकलेल्या बियांतून आपोआप उगवलेला. परस आहे, वेल आहे, तर परसबाग नाही असं कशावरून म्हणता? सोबत त्यांनी फोटोही टाकला होता. मुलं गोल बसली आहेत, मागे वेल, आणि मध्ये बारक्याच्या हातात तुंबा. पडदा हिरवा झाला. केंद्रप्रमुख देवानंद साहेबांचा फोन आला. त्यांनी अभिनंदन केलं आणि एवढा मोठा भोपळा इतक्या लवकर कसा धरला, म्हणून कौतुकाने विचारलं. उमेश सर म्हणाले, "मुलांची मेहनत."

इथून पुढचं माझ्या हातात राहिलं नाही. पोर्टल दर महिन्याला नवा फोटो मागायचं आणि त्यात मागच्याहून वेगळी भाजी हवी असायची. तत्त्वचिंतन चालू ठेवायचं तर भेंडी लावणं भाग होतं. मी भेंडी लावली. चवळी लावली. दुधीला मांडव घातला. शनिवारी अर्धा तास आम्ही खुरपणी करायचो आणि उरलेल्या वेळात 'खोटं बोलणं आणि खरं न सांगणं यात फरक आहे का' यावर बोलायचो. उमेश सर त्या तासाला वर्गातच थांबायचे.

जव्हारमध्ये बातमी पसरली. इतकी वर्षं मी विज्ञान शिकवते म्हणून कोणी मला काही विचारलं नव्हतं. आता रस्त्यात थांबवून माणसं मला ताक फवारायला सांगू लागली. वर्षावहिनींचा राग निवळला आणि त्या अंड्यांची टरफलं पिशवीत भरून आणू लागल्या. बँकेतल्या शिपायाने हेमंतच्या हाती कडुनिंबाचा काढा पाठवला. तो डब्यात होता म्हणून हेमंतने चाखून पाहिला. एका साखरपुड्यात यजमानीणबाईंनी माझी ओळख 'दुधीवाल्या बाई' अशी करून दिली. मी तिथे मुलांशी विचार करण्याचं महत्त्व समजावून सांगायला सुरुवात केली. समोरच्या आजींनी पूर्ण ऐकून घेतलं आणि मग विचारलं, की दुधी कडू निघू नये म्हणून काय करता?

भाद्रपद सरता सरता बारक्याची शेळी आत शिरली. चवळी संपवली, काकडीचे पहिले दोन कोवळे कळे खाल्ले, आणि दुधीचा मांडव अंगावर घेऊन बाहेर पडली. महिन्याचा फोटो बाकी होता. मी त्या शनिवारी मुद्दाम प्रश्न घेतला, शेळीने चूक केली का? आमचा एक नियम होता, की दुसऱ्याचं म्हणणं खोडण्याआधी ते आपल्या शब्दांत नीट सांगायचं, आणि त्याने 'हो, असंच' म्हटलं की मगच पुढे बोलायचं. त्यामुळे सोम्याला आधी शेळीची बाजू मांडावी लागली. ती त्याने इतकी चांगली मांडली, की शेवटी स्वतःच तिच्या बाजूला गेला. शेळीला 'आपलं' आणि 'शाळेचं' यातला फरक कोणी शिकवलेला नाही, मग तिला दोष कसा द्यायचा? बारक्या उलट म्हणाला, की त्याने तिला शिकवलंय, घरी ती कधी तोंड घालत नाही, म्हणजे तिला कळतं. आपल्याच शेळीविरुद्ध साक्ष देणारा मालक मी प्रथमच पाहिला. निकाल लागला नाही. पण सोमवारी मुलांनी आपणहून काट्याकुट्यांचं कुंपण घातलं. कोणी सांगितलं नव्हतं. निष्कर्षाशिवाय कृती होऊ शकते, याची मी मनाशी नोंद घेतली.

वेल पुन्हा फुटला. आश्विनात त्याला अशा काकड्या लागल्या की वाकून मोजाव्यात. एकही काकडी चोरीला गेली नाही. शाळेत भुकेली मुलं असताना, कुंपण लहान असताना, कोणी एकाने तोडून खाल्ली नाही. मी याचं श्रेय सार्वजनिक मालमत्तेवर घेतलेल्या माझ्या एका पाठाला दिलं. तसं हेमंतजवळ बोलूनही दाखवलं. पाठ छानच झाला होता, त्यामुळे मला संशय आला नाही.

मग देवानंद साहेबांनी कळवलं, की आमची परसबाग तालुक्यातल्या निवडक बागांत आली आहे. दिवाळीच्या सुट्टीआधी समिती येणार. समिती बाग पाहील, आणि बागेतल्या भाजीचं जेवण मुलांच्या पंगतीला बसून घेईल. 'मुलं भाजी खाताना' असा फोटो अनिवार्य. उमेश सरांनी कपडे इस्त्रीला दिले. मी गौराबाईंना सांगितलं, की त्या दिवशी काकडी आणि दुधी करा. आदल्या आठवड्यात चव बघू म्हणून एक काकडी तोडून त्यांच्यापुढे ठेवली.

गौराबाईंनी सुरी धुतली, पुसली, आणि बाजूला ठेवली. "ही दाखवली कुणी?"

पाड्यावरच्या घरांत नवी भाजी, नवी काकडी, नवा भात असाच कोणी तोंडात टाकत नाही. घरातलं मोठं माणूस ते सगळं आधी देवाला आणि वाडवडलांना दाखवतं, घरातल्या सगळ्यांची नावं घेतं, मग बाकीचे खातात. हे मला ऐकून माहीत होतं, जसा दुसऱ्या गावचा बाजारवार माहीत असतो तसं. मुलांनी काकडीला हात का लावला नाही ते त्या क्षणी मला समजलं. सार्वजनिक मालमत्तेचा पाठ माझ्या डोळ्यांसमोर विरघळून गेला.

मी म्हटलं, मग तुम्हीच दाखवा ना. गौराबाई म्हणाल्या, माझ्या घरचा वेल असता तर दाखवला असता. हा शाळेचा. शाळा म्हणजे घर नाही, तिचे वाडवडील कोण, आणि तिथलं मोठं माणूस कोण? सरकारचां मी कसां दाखवू? मी तोडगा काढला, की एकेक काकडी मुलांनी घरी न्यावी आणि आपापल्या घरी दाखवावी. त्यांनी माझ्याकडे जरा दयेने पाहिलं. एका वेलाची पहिली काकडी सगळ्यांच्या घरी पहिली कशी होईल? तर्क अचूक होता. उमेश सर म्हणाले, शाळेचा प्रमुख मी, तर मोठं माणूस मीच, मी दाखवतो. बारक्या तिथेच ताटं मांडत होता. त्याने अगदी सहज विचारलं, की सर दरवर्षी बदलीला अर्ज करतात ना, घरातलं मोठं माणूस बदली मागतं का? सर वर्गात गेले. दुपारभर त्यांच्या खोलीतून पाढ्यांचा आवाज नेहमीपेक्षा मोठा येत होता.

त्या शनिवारी प्रश्न मी निवडला नाही. मुलंच घेऊन बसली होती, शाळा हे घर आहे का?

सोम्याचं मत, नाही. घरात माणसं झोपतात. बारक्या म्हणाला, मी झोपतो की, गणिताच्या तासाला. (मी ऐकलं नाही असं दाखवलं.) काळी नावाची तिसरीतली मुलगी म्हणाली, घराला चूल असते, शाळेला आहे. सोम्या म्हणाला, चूल चहाच्या टपरीलाही असते. वाडवडिलांचं काय, असं कोणी तरी काढलं. भिंतीवर थोरांच्या तसबिरी आहेत, ते चालतील का? सोम्याने तेही खोडलं. ते सगळ्या शाळांचे आहेत, आपल्या एकट्याचे कसे? प्रश्न असा अडला, आणि तुंबा पोशीकडे गेला. तिने बिया वाजवल्या नाहीत.

"उशीर झाला तर तुझां ताट झाकून ठेवतात, तां घर."

आमच्याकडे मुलांना उशीर होतोच. ओहोळाला पाणी असलं की पलीकडची मुलं थांबून येतात. त्यांचं जेवण कधी संपलेलं नसतं. चुलीशेजारी, ताटावर ताट पालथं घालून, ते ठेवलेलं असतं. सोम्याने नियमाप्रमाणे पोशीचं म्हणणं आपल्या शब्दांत सांगितलं, टपरीवाला ताट झाकून ठेवत नाही हे स्वतःच जोडलं, आणि थांबला. त्याला खोडता येईना. मग काळी हळूच म्हणाली, म्हणजे जी ताट झाकते ती मोठी.

सगळ्यांनी चुलीकडे पाहिलं. गौराबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, कारण सुपातला हात थांबला होता.

"पाहू," त्या म्हणाल्या.

समिती येण्याच्या दिवसापर्यंत मी त्यांना रोज विचारलं आणि रोज तेच ऐकलं. मला राग येऊ लागला होता. एक काकडी दाखवायची, त्यात इतकं पाहण्यासारखं काय आहे? पोशीच्या आईने बोचकी बांधायला घेतली होती. दिवाळीनंतरच्या टेम्पोत कोण कोण बसणार ते ठरत होतं. मला एकाच बाईकडून दोन उत्तरं हवी होती, आणि एकही मिळत नव्हतं. हेमंतने व्यवहारी सल्ला दिला, की बाजारातून भाजी ने, फोटोत कळतंय कुणाला? मी निग्रहाने नकार दिला. आणि समितीच्या दिवशी सकाळी जव्हारच्या बाजारातून काकड्या घेऊन निघाले. त्या नाशिककडच्या होत्या, बारीक, सरळ, प्रत्येक वेगळ्या प्लॅस्टिकमध्ये. शाळेत पोचताच सोम्याने पिशवीत डोकावून पाहिलं आणि विचारलं, बाई, यांना दाखवलंय का कोणी? मला माहीत नव्हतं. मी पिशवी स्कूटरच्या डिकीत टाकली आणि डिकीला कुलूप लावलं.

समिती दुपारच्या जेवणाच्या वेळी आली. देवानंद साहेब, त्यांच्याबरोबर एक विस्तार अधिकारी मॅडम आणि फोटो काढायला एकजण. बाग पाहून ते खूश झाले. देवानंद साहेबांनी तो मोठा भोपळा कुठे आहे म्हणून विचारलं. बारक्याने तुंबा दाखवला. साहेबांनी तो वरून खालून पाहिला आणि भेंडीकडे वळले. पंगत मांडली. ताटात डाळ-भात होता. काकड्या चुलीपाशी टोपलीत होत्या, अख्ख्या.

साहेबांनी भाजी कुठे म्हणून विचारलं. उमेश सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी शास्त्रीय शिस्तीने सगळी हकीकत क्रमवार सांगू लागले आणि तिसऱ्याच वाक्यात अडखळले. तेव्हा बारक्या उठला आणि साहेबांच्या हातात तुंबा दिला, म्हणजे बोलायचं असेल तर. साहेबांना तो बक्षीस वाटला. त्यांनी तो छातीशी धरून फोटो काढून घेतला. मग बारक्याने सांगितलं, की भाजी दाखवल्याशिवाय खाता येत नाही, आणि कोणी दाखवायची तो प्रश्न अजून चालू आहे. साहेब जरा चढ्या आवाजात म्हणाले, की आम्हाला पुढे आणखी शाळा बघायच्या आहेत, काकडी चिरायला बैठक कशाला? मॅडमनी मात्र साहेबांकडून तुंबा मागून घेतला. त्यांचं माहेर इथल्याच साखरशेत गावचं, असं त्या नंतर म्हणाल्या. त्यांनी मुलांना विचारलं, "तुमचं काय ठरलं?"

मुलांनी काय ठरलं ते सांगितलं. मॅडमनी मान हलवली आणि तुंबा घेऊन गौराबाईंकडे गेल्या.

"मला नको तो," गौराबाई म्हणाल्या. "मी अशीच बोलते."

त्या उभ्या राहिल्या. पदराला हात पुसले. पंगतीतल्या मुलांनी हात ताटाबाहेर घेतले. मी पोशीकडे पाहिलं. ती डाळीत बोट बुडवून तशीच बसली होती.

"पोरं म्हणतात, ताट झाकते ती मोठी." त्या मुलांकडे वळल्या. "असांच ना?"

"हो, असंच," सोम्या म्हणाला.

"बरोबर आहे. मी आठ दिस खोडाया पाहिलां, नाय खोडलां गेलां. पण मोठीला काय करावां लागतां, तां कुणी नाय बोललां. दाखवताना घरातल्या सगळ्यांची नावां घ्यायची. ज्याचां नाव घेतलां, त्याचां ताट ठेवायचां. आज नाव घ्यायचां आणि दिवाळी झाली की ताट उचलायचां, असां देवाला फसवता नाय येत."

देवानंद साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं आणि मनगट पुन्हा खाली घेतलं. एवढे दिवस त्या 'पाहू' म्हणताना काय पाहत होत्या, ते मला आता कळलं. मी दोन प्रश्न समजत होते. तो एकच होता.

कुंपणापाशी पोशीची आई तान्ह्याला कडेवर घेऊन उभी होती. पाड्यावर गाडी आली म्हणून ती पाहायला आली असावी. गौराबाई तिच्याशी बोलल्या. आवाज चढवला नाही, पण पंगतीच्या शेवटच्या मुलालाही ऐकू गेलं.

"तान्ह्या पोराला पाठीला बांध. तुझ्या नवऱ्याला मी तसाच वाढवला, विटा थापून. तो काय मेला नाय."

आईने तान्ह्याला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

गौराबाईंनी टोपलीतून एक काकडी उचलली.

"पोशी भट्टीवर नाय जायाची. ती माझ्यापाशी राहील, शाळेत जाईल."